गिटार शिकायची आहे? आधी पेटी उघडा

गेल्या वर्षी जूनमध्ये मी एक गिटार विकत घेतली. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवलेले साडेचार हजार रुपये त्यात गेले. सप्टेंबर उजाडेपर्यंत ती विकून टाकावी, या निर्णयाला मी येऊन पोहोचले होते. आपल्या महाविद्यालयात गिटारचा नाद लागलेले पुष्कळजण आहेत. त्यांचे तरी तीन महिने वाचावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. तिथे तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. मुंबईला धोबीतलावावर १८६५ पासूनचे फुर्ताडोसचे दुकान आहे. वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके तिथे मिळत आली. आपल्या मराठवाड्यात तशी सोय नव्हती. आता मोबाइलवर हजारो धडे फुकट मिळतात. टंचाई संपली, पण त्या सुकाळातच मी वाट चुकले.

रोज नवा धडा पाहायचा, अर्धा सोडायचा, असे चालले होते. मग सिडकोतल्या आमच्या घराजवळ एक शिकवणी लावली. तिथे अमक्या तारेवर अमके बोट ठेवा, एवढेच सांगत. का ठेवायचे, हे विचारले की उत्तर येई, “गाणे वाजते ना, मग झाले!” माझे गाणेही वाजत नव्हते. “तुमची बोटे या वाद्याची नाहीत,” असे शेवटी ऐकावे लागले.

त्या रात्री आजोबा म्हणाले, “अगं माय, तुझी तारच लागली नाही. बोटांना कशाला नावं ठेवतेस?” आजोबा चाळीस वर्षे भजनाला पेटी वाजवतात, गिटारला त्यांनी कधी हात लावलेला नाही. त्यांनी पेटी काढली आणि पांढरी एक ‘सा’ धरून माझी एकेक तार जुळवून पाहिली. तेव्हा जे कळले ते असे.

गिटारच्या सहा तारांना जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई म्हणतात. पांढरी एक ‘सा’ मानली, तर हेच स्वर ग, ध, रे, प, नी, ग होतात. सगळे शुद्ध! पहिले दोन मंद्र सप्तकातले, मधले तीन मध्य सप्तकातले, शेवटचा तार सप्तकातला. फ्रेट म्हणजे सतारीसारखा पडदाच. एक पडदा पुढे गेले की पेटीची एक पट्टी पुढे, मग ती काळी असो की पांढरी. बाराव्या पडद्यावर तोच स्वर वरच्या सप्तकात भेटतो.

तारा जुळवण्याची रीतही यातूनच निघते. जाड तारेचा पाचवा पडदा दाबला की पुढच्या मोकळ्या तारेचा स्वर मिळतो. पुढेही तसेच, फक्त ‘प’च्या तारेवर चौथा पडदा दाबायचा, म्हणजे ‘नी’ मिळतो.

आता ‘ध’ आणि ‘रे’ या दोन तारा दुसऱ्या पडद्यावर दाबा आणि सहाही तारा छेडा. ग, नी, ग, प, नी, ग असे ऐकू येईल. यालाच ‘ई मायनर’ म्हणतात. तीन स्वर एकत्र नांदले की कॉर्ड झाला. सा, ग, प म्हणजे ‘सी मेजर’. हे समजल्यावर पाठांतराचे ओझे निम्मे उतरले.

दोष गिटारमध्येही होता. बाराव्या पडद्यापाशी तारा जवळजवळ पाच मिलिमीटर उंच होत्या. दाबताना बोटे सोलत. एका कारागिराने तळाची पट्टी घासून उंची तीनच्या आत आणली. गिटार घेताना एक छोटी मोजपट्टी खिशात अवश्य ठेवा.

साधन निवडताना मी आता तीन प्रश्न विचारते. धड्यांना क्रम आहे काय? कारण सांगतात काय? आपली चूक आपल्याला ऐकू येईल, अशी सोय आहे काय? जस्टिन सॅन्डरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचे २००३ पासूनचे मोफत धडे पहिल्या दोन कसोट्यांना उतरतात. पुस्तकच हवे असेल तर ‘हाल लिओनार्ड गिटार मेथड’चा पहिला भाग घ्यावा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा प्रारंभिक पायरीनंतर आठ श्रेणींच्या आहेत. परीक्षा दिली नाही तरी त्यांचा अभ्यासक्रम नकाशासारखा उपयोगी पडतो. यांपैकी एकच धरावे आणि सहा महिने सोडू नये.

तिसरी कसोटी मात्र पडद्यावरचा शिक्षक पुरी करू शकत नाही. त्याला आपले वाजवणे ऐकूच येत नाही. त्यासाठी शेजारी बसणारा कान हवा, आणि तो गिटारवाल्याचाच असावा असे नाही. आपल्या वस्तीतल्या भजनी मंडळात, देवळात, एखाद्या मावशींच्या गाण्याच्या वर्गात असे कान पुष्कळ आहेत. राग आणि गिटार परके नाहीत, हे ब्रिजभूषण काबरा यांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत मांडीवरच्या गिटारने दाखवून दिलेच आहे.

आज मला चार गाणी येतात. गुरुवारी आजोबा पेटीवर असतात, मी गिटारवर. एखादी तार उतरली की ते बोलत नाहीत, नुसते माझ्याकडे पाहतात. आणि आता ती कोणती तार, हे मला त्यांच्याआधी कळू लागले आहे.

(तृतीय वर्ष, कला)