मंदावणारी नाडी

श्रोतेहो, मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहणं आपणांस नवं नाही. पण हा ठोका उठतो कुठून? हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची सूक्ष्म लहर निघते. खालच्या कप्प्यांकडे जाताना वाटेतल्या दुसऱ्या पुंजक्यापाशी ती क्षणभर अडते. दारे धरणारा गडी एक वाफा भरल्याखेरीज पाणी पुढे सोडत नाही ना, तसंच हे. खालचे कप्पे भरायला तेवढी सवड मिळते.

हृदयाची कित्येक औषधं नेमकी या दुसऱ्या पुंजक्याला आवरतात. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ साली फॉक्सग्लव्ह नावाच्या फुलझाडावर पुस्तक लिहिलं. अंगावरच्या सुजेवर ते चालतं, हे त्यांना कळलं ते एका म्हातारीच्या वीसेक वनस्पतींच्या घरगुती औषधावरून! आजची डिगॉक्सिनची गोळी त्याच जातकुळीतली. बेताल धावणाऱ्या हृदयाला ती वेसण घालते. पण मात्रा वाढली, की वाटच बंद पडू लागते. मळमळ, चक्कर, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसणं, नाडी ३५ वर येणं, हे सारं विदरिंगांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं आहे. शिक्षकबंधूंनो, आपल्या कुंपणातली पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बियांतही असंच विष असतं. मुलं त्या बिया खेळायला घेतात. तिकडे लक्ष असू द्या.

मी वैद्यकातला नव्हे. पण आमच्या मामांमुळे हे सारं वाचावं लागलं. रक्तदाबासाठी त्यांना एका डॉक्टरांनी अटेनोलॉल दिलं होतं, छातीतल्या दुखण्यासाठी दुसऱ्यांनी व्हेरापामिल. दोन्ही औषधं चांगली, पण दोन्ही लहरीला अडवणारी. एकाचा कागद दुसऱ्याने पाहिलाच नव्हता. भरीला काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यांत घातलेलं औषध हृदयापर्यंत पोचतं, हे कुणाच्या ध्यानी येणार? एके सकाळी मामा ओसरीवरच कोसळले. नाडी ३८!

औषधं बदलल्यावर ते सावरले. मात्र हा बदल डॉक्टरांनीच करायचा असतो. अटेनोलॉलसारखी गोळी आपल्याच मनाने एकदम बंद केली, तर हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. अशी औषधं चालू असताना चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि नाडी ५० च्या खाली दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मामा आता कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना पिशवीत सगळी पाकिटं घेतात, डोळ्यांच्या थेंबांची कुपीसुद्धा.