मधातलं पाणी कुणाचं?

यंदा एका खरेदीदाराने आमच्या लोणी-धामणीकडच्या मधपाळांना निरोप धाडला: चौकटी भरायची वाट बघू नका, पातळ मध द्या, पाणी आमचं यंत्र काढेल. पिकलेलाच मध काढायचा, यासाठी इतकी वर्षं भांडलो, ते एका निरोपात मोडीत निघालं.

पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली. पुढची तीसेक वर्षं शिबिरं, पत्रकं, अनुदानं यांत गेली. त्यांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. मला आठवतं ते नव्वदचं दशक.

तेव्हा मधात २५ टक्क्यांपर्यंत पाणी कायद्याला चालायचं. आमच्या पश्चिमेला डोंगरात, आहुपे-भीमाशंकरकडे पाऊस सरता सरता मध निघे. हवा ओलीगच्च, आणि मध हवेतला ओलावा ओढून घेणारा. कॅन महिनाभर ठेवला की झाकण फुगायचं, उघडताच फेस आणि आंबूस वास. साखरेत तग धरणारं यीस्ट मधात मुळातच असतं. पाणी १७ टक्क्यांच्या आत असेल तर ते निपचित पडून राहतं, १९च्या वर गेलं की फसफसायला लागतं. मध रवाळ झाला तरी धोका असतोच, कारण रव्याबाहेर उरलेल्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं. व्यापारी मात्र सरळ म्हणायचे, तुम्ही पाणी घातलंत. रानातून मध आणणाऱ्या महादेव कोळी माणसांची चोर ठरवून झालेली बोळवण मी विसरलेलो नाही. पाणी पावसाळी हवेचं होतं आणि काढायची घाई व्यापाऱ्यांचीच होती.

इकडे लोणीत उन्हाळ्याचं कोरडं वारं. कांद्याच्या बियाण्याचे गोंडे फुलले की सातेरी माशांच्या पेट्या भरायच्या. जुनी माणसं चौकट आडवी धरून एक हिसका देत. थेंब उडाला की ती परत पेटीत जाई. माशा पंखांनी वारा घालून पाणी उडवतात आणि मध पिकल्यावरच कप्प्यावर मेणाचं झाकण घालतात. निदान तीन चतुर्थांश कप्पे झाकले गेल्याशिवाय आम्ही मधयंत्राला हात लावत नसू.

२०१८ साली कायद्यातली पाण्याची मर्यादा २० टक्क्यांवर आली, ते योग्यच झालं. सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीच्या मधाला साखरेच्या प्रमाणात नियमांनी सवलत दिली आहे, ओलाव्यात नाही. म्हणजे डोंगरातल्या माणसाने थांबायला हवं, कोरड्या खोलीत मध काढायला हवा आणि त्या थांबण्याचे पैसे त्याला मिळायला हवेत. ते पैसे आता यंत्राकडे चालले आहेत. कच्चा मध काढून यंत्राने आटवणं ही फसवणूकच, असं अपिमोंडिया ही मधपाळांची जागतिक संघटना २०१९पासून सांगते आहे.

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२मध्ये मधाचं गाव झालं, याचा मला आनंद आहे. आमच्याकडे पाटी नसली तरी चालेल. घोडेगावच्या बाजारात मधातलं पाणी मोजणारा एक रिफ्रॅक्टोमीटर ठेवा, विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मध तपासा, आणि १८ टक्क्यांच्या आतल्या मधाला किलोमागे वेगळा भाव द्या.