सॉफ्टवेअर बदलताना मीटर कशावर फिरते?

दारव्हा परिसरात सोयाबीनच्या मळणीचा भाव बहुधा पोत्यामागे ठरतो, नांगरणीचा एकरावर किंवा तासावर. कोणता हिशेब कधी महाग पडतो, हे शेतकऱ्याला नेमके कळते. संगणकातील जुनी खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवतानाही प्रश्न हाच असतो, फक्त तो सहसा बिल आल्यावर विचारला जातो.

गावच्या सोसायट्यांना या बिलाची झळ थेट बसत नाही. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. त्यासाठीच्या २,५१६ कोटी रुपयांत केंद्राचा वाटा १,५२८ कोटी, राज्यांचा ७३६ कोटी आणि नाबार्डचा २५२ कोटी होता. जुन्या नोंदींचे डिजिटायझेशन त्यातच धरले आहे. पण खासगी सॉफ्टवेअर वापरणारी नागरी पतसंस्था किंवा आडत्याचे दुकान यांना हा खर्च स्वतःच करावा लागतो.

डेटा हलवणारे साधन जुन्या नोंदी वाचते, त्यांची मांडणी बदलते आणि नव्या जागी लिहिते. त्याचे पैसे कोणी खात्यामागे घेते, कोणी नोंदीमागे, कोणी जीबीवर. ॲमेझॉनच्या डेटाबेस स्थलांतर सेवेत भाड्याने घेतलेले यंत्र किती तास चालले, हे मोजले जाते. इकडे दारव्ह्यात वीज गेली तरी दूरच्या सर्व्हरवरचे ते यंत्र, बंद केले नाही तर, चालूच राहते!

समजा, एका पतसंस्थेत ४ हजार खाती आणि २० वर्षांच्या ६ लाख नोंदी आहेत. नोंदीला १० पैसे दर धरला, तर ६० हजार रुपये होतात. खात्याला १५ रुपये धरले, तरी ६० हजारच. कागदावर दोन्ही सारखे. मात्र हे काम एका फेरीत क्वचितच होते. जुन्या मराठी फॉन्टमधली नावे युनिकोडमध्ये येताना विचित्र अक्षरे होऊन उमटतात, तारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल होते, आरंभीची शिल्लक जुळत नाही. दुरुस्ती करून सगळे पुन्हा चालवावे लागते. प्रत्येक फेरीतली प्रत्येक नोंद मोजली जात असेल, तर तीन फेऱ्यांचे १ लाख ८० हजार होतात. खात्यावरच्या दरात मात्र फेऱ्या कितीही होऊ शकतात, करारात तशी मुभा असेल तर. नोंदीवरचाच दर घ्यावा लागला, तर आधी एका वर्षाच्या नोंदींवर चाचणी करावी. साधारण ३० हजार नोंदींचे ३ हजार रुपये जातील आणि बहुतेक चुका तिथेच सापडतील.

परवान्याची मुदत हा दुसरा खड्डा. ९० दिवसांचा परवाना जानेवारीत घेतला आणि मोजणी खरेदीच्या दिवसापासून सुरू झाली, तर ३१ मार्चची अखेरची शिल्लक जुळवून संपण्याआधीच तो संपतो. उरलेला कोटाही बहुधा बुडतो. म्हणून मुदत पहिल्या प्रत्यक्ष फेरीपासून मोजावी, असे करारात लिहून घेणे फायद्याचे.

बाहेर पडण्याचा खर्च वेगळाच. ग्राहक कायमचा सोडून जात असेल, तर डेटा बाहेर नेण्याचे शुल्क गूगलने जानेवारी २०२४ मध्ये माफ केले. ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये. युरोपीय संघाच्या डेटा कायद्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून क्लाउड कंपन्यांना सेवा बदलण्याचे शुल्क घेता येणार नाही. ही माफी डेटाच्या वाहतुकीची आहे. नावे, तारखा आणि शिल्लक नव्या मांडणीत बसवणाऱ्या साधनाचे मीटर त्यानंतरही चालूच असते.