उत्तरेच्या खिडकीतला उजेड

शादी-वलिम्याची फोटोग्राफी करणारी आपली बरीच मुलं धंद्यात उतरताच कर्ज काढून महागडे लाइट घेतात. त्यांनी आधी अमेरिकन फोटोग्राफर अर्विंग पेन (1917-2009) यांचं काम बघावं.

पेनना चित्रकार व्हायचं होतं. पण 1943 मध्ये 'व्होग' मासिकावर त्यांचं पहिलं मुखपृष्ठ आलं आणि पुढे फॅशन, जाहिराती हीच त्यांची रोजी झाली. 1950 मध्ये पॅरिसचे उंची कपडे त्यांनी एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर टिपले. मागे नाटकाचा टाकून दिलेला पडदा, उजेड खिडकीचा. त्याच काळात तिथेच त्यांनी खाटीक आणि इतर कामगारही आपापल्या अवजारांसह उभे केले. 1971 मध्ये तंबूचा स्टुडिओ घेऊन ते मोरोक्कोला गेले. तिथल्या पूर्ण पडद्यातल्या बायकांचे फोटोही दिवसाच्या उजेडातच काढले.

यामागचं गणित सोपं आहे. उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, आभाळाचा उजेड येतो. खिडकी जितकी मोठी आणि माणूस तिच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरली की सावली उजळते, काळं कापड धरलं की गडद होते.

मॉडेल असो की खाटीक, पेनच्या फोटोत दोघांची इज्जत सारखीच. तेव्हा बाळांनो, लाइटचे हप्ते नंतर. आधी महिनाभर घरच्या खिडकीपाशी अम्मीचे फोटो काढून बघा.