अतिमानव आणि त्यांचे मालक

अमेरिकन चित्रकथांतले अतिमानव आता आपल्याकडेही घरोघर पोचले आहेत. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांची चित्रे पोरांच्या दप्तरांवर असतात, जत्रेतल्या फुग्यांवर असतात. आमच्या पिढीला या दुनियेची वाट दाखवली ती इंद्रजाल कॉमिक्सच्या महाबली वेताळाने. १९६४ साली सुरू झालेली ती पुस्तके १९९० साली बंद पडली; वाचनाची गोडी मात्र सुटली नाही. या कथांविषयी बोलताना सुशिक्षित मंडळी बहुधा दोन मते मांडतात. कोणी म्हणतात, हा निव्वळ पोरखेळ आहे; कोणी म्हणतात, ही यंत्रयुगातील पुराणे आहेत. मी पडलो कामगार संघटनेचा माणूस. मला प्रश्न पडतो तो निराळाच. ही पुराणे असतील, तर त्यांचे व्यास कोण? त्यांना मजुरी काय मिळाली? आणि पुराणाची मालकी कोणाकडे राहिली?

प्रथम या धंद्याची रचना समजून घ्यावयास हवी. १९३०च्या दशकात, महामंदीच्या काळात, न्यूयॉर्कमध्ये दहा सेंट किमतीची रंगीत चित्रकथांची मासिके निघू लागली. त्यांत लेखक कथा लिही, चित्रकार पेन्सिलीने चित्रे काढी, दुसरा त्यांवर शाई फिरवी, तिसरा अक्षरे लिही, चौथा रंग सुचवी. म्हणजे हा सरळ सरळ कारखानाच होता. काम पानावर, दाम पानावर. आपल्याकडे विडी कामगाराला हजारी दराने मजुरी मिळते, तशी येथे पानाला अमुक डॉलर अशी. आजारपणाची रजा नाही, विमा नाही, निवृत्तिवेतन नाही. एकदा पैसे घेतले की ते पान, त्यातले पात्र आणि त्या पात्राचे सारे भविष्य मालकाचे. कित्येकदा मजुरीच्या धनादेशाच्या पाठीमागेच हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असे. पैसे हवे असतील तर त्याखाली सही केलीच पाहिजे.

या व्यवहाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सुपरमॅन. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगेल आणि जो शुस्टर हे दोन शाळासोबती. दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले, दोघांचाही जन्म १९१४ सालचा. त्यांनी विशीच्या आत हे पात्र कल्पिले आणि कित्येक वर्षे ते प्रकाशकांच्या दारोदार फिरवले. अखेर १९३८ साली एका प्रकाशनसंस्थेने ते स्वीकारले. हीच संस्था पुढे डीसी या नावाने प्रसिद्धीस आली. तेरा पानांची कथा, पानाला दहा डॉलर, एकूण एकशे तीस डॉलर. आणि त्या रकमेत सुपरमॅन या पात्राचे सर्व हक्क कायमचे विकले गेले. जून १९३८ची तारीख असलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला आणि पाहता पाहता त्याने साऱ्या धंद्याचे नशीब पालटले.

त्या पहिल्या वर्षातला सुपरमॅन आज फार थोड्यांना ठाऊक आहे. चाहता म्हणून मला आवडतो तो तोच. परग्रहावरच्या राक्षसांशी त्याला अजून काम पडलेले नव्हते. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला अद्दल घडवी, लाचखाऊ राजकारण्याच्या मुसक्या बांधी. तिसऱ्या अंकात तर तो खाणकामगाराचा वेष घेऊन एका खाणमालकाला आणि त्याच्या चैनी पाहुण्यांना खाणीतच अडकवून ठेवतो. वर येण्याचा मार्ग बंद झाला, धोक्याची यंत्रणा चालेना, तेव्हा कोठे मालकाला कळते की आपण मजुरांना कोणत्या स्थितीत राबवीत होतो. आठव्या अंकात तो गलिच्छ वस्ती पाडतो, कारण त्याशिवाय सरकार गरिबांना चांगली घरे बांधून देणार नाही हे त्याने ओळखलेले असते. मंदीत होरपळलेल्या दोन तरुणांच्या मनातला हा नायक होता. पुढे खप वाढला, खेळणी निघाली, नभोवाणीवर कार्यक्रम सुरू झाला. आणि संपादकांच्या देखरेखीखाली सुपरमॅनही सभ्य झाला. खाणमालकाशी भांडणारा वीर बँका आणि तिजोऱ्या राखू लागला. पात्राची मालकी ज्याच्याकडे, पात्राचे मतही हळूहळू त्याच्याच बाजूला झुकते, एवढे यावरून कळते.

निर्मात्यांचे काय झाले? १९४७ साली सीगेल आणि शुस्टर यांनी हक्कांसाठी दावा लावला. पुढल्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरांवर तडजोड झाली, पण सुपरमॅन हातचा गेला, कामही गेले आणि कथेवरील नावेही गेली. १९५९ साली सीगेल त्याच संस्थेसाठी पुन्हा लिहू लागले. आपल्याच सुपरमॅनच्या गोष्टी त्यांनी निनावी, पानाच्या दराने लिहिल्या! शुस्टर यांची दृष्टी अधू होत गेली. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असल्याची बातमी आली, त्या वेळी सीगेल लॉस एंजलिसमध्ये कारकुनी करीत होते.

येथे एका नावाचा उल्लेख करतो. त्या काळी प्रकाशनसंस्थेचा कारभार पाहणारे जॅक लीबोविट्झ हे तरुणपणी शिवणकामगारांच्या युनियनच्या संपनिधीचे हिशेब पाहत असत. म्हणजे युनियन म्हणजे काय हे मालकाला पुरते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते चित्रकारांना.

बॅटमॅनची कथा याहून चमत्कारिक आहे. १९३९ साली तो जन्मला आणि बॉब केन यांनी करार करून निर्माता म्हणून आपले एकट्याचे नाव कायमचे लावून घेतले. वास्तविक वटवाघळाचा मुखवटा, झोळदार अंगरखा, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे शहर, यांतले पुष्कळ काही बिल फिंगर या लेखकाने दिलेले होते. फिंगर १९७४ साली वारले, तोवर बॅटमॅनचे निर्माते म्हणून त्यांचे नाव कोठेही अधिकृतपणे लागले नव्हते. चाहत्यांनी आणि एका अभ्यासू लेखकाने वर्षानुवर्षे पुरावे जमवले, त्यांची नात शोधून काढली, तेव्हा २०१५ साली संस्थेने त्यांचे नाव लावण्याचे कबूल केले. मला स्वतःला बॅटमॅन फारसा प्रिय नाही. दिवसा कारखानदार आणि रात्री भुरट्या चोरांना बडवणारा, असा तो वीर. पण तो ज्याने रचला तो जन्मभर पानाच्या दराने जगला, हे कळल्यापासून त्याच्या कथा मी अधिक आदराने वाचतो.

आता दुसरे मोठे घर, मार्व्हल. जॅक कर्बी हे न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेले चित्रकार. जो सायमन यांच्या जोडीने त्यांनी कॅप्टन अमेरिका निर्मिला. १९४१च्या मार्चची तारीख असलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. १९६१ पासून पुढे संपादक स्टॅन ली यांच्याबरोबर कर्बी यांनी फॅन्टास्टिक फोर, हल्क, थॉर अशी मालिकाच उभी केली. त्यांच्या कामाच्या पद्धतीला ‘मार्व्हल पद्धत’ म्हणतात. थोडक्यात कथाबीज सांगावयाचे, चित्रकाराने सगळी कथा पानापानांवर रचावयाची, आणि मग लेखकाने संवाद भरावयाचे. म्हणजे कथा रचण्याचे अर्धेअधिक काम चित्रकाराचे, परंतु मजुरी केवळ चित्रांची.

या घराचा सर्वांत लाडका वीर स्पायडरमॅन. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी तो निर्मिला. त्याची गंमत अशी की, तो स्वतःच नगावर काम करणारा मजूर आहे. म्हाताऱ्या काकूचे घरभाडे भागवण्यासाठी तो ‘डेली ब्यूगल’च्या मालकाला स्वतःचीच छायाचित्रे विकतो; मालक ती पडत्या भावात घेतो, अंक खपवतो, आणि त्याच अंकात स्पायडरमॅनला गुंड म्हणून झोडपतो. प्रकाशक आणि कारागीर यांच्या संबंधाचे यापेक्षा नेमके चित्र मी दुसरे पाहिलेले नाही, आणि ते छापले एका प्रकाशकानेच!

१९८०च्या दशकात मार्व्हलने चित्रकारांना त्यांची मूळ पाने परत करावयास घेतली, तेव्हा कर्बी यांच्यापुढे मात्र इतरांहून लांबलचक, हक्क सोडून देणारा कागद ठेवला. सहव्यावसायिकांनी आणि वाचकांनी निषेधपत्रे काढली. अखेर १९८७ साली सुमारे दोन हजार पाने परत मिळाली; हजारो मिळालीच नाहीत. कर्बी १९९४ साली वारले. २००९ साली डिस्ने कंपनीने मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरांना विकत घेतली. कर्बी यांच्या मुलांनी हक्कांसाठी लढा दिला, खालच्या न्यायालयांत हार पत्करली, आणि सर्वोच्च न्यायालय त्यांचा अर्ज विचारात घेण्याच्या सुमारास, २०१४च्या सप्टेंबरात, समझोता झाला.

या सर्व खटल्यांच्या मुळाशी एक कायदेशीर कसरत आहे. कॉपीराइटचा प्रश्न आला की प्रकाशक म्हणत, चित्रकार आमच्या सांगण्यावरून, आमच्या खर्चाने काम करीत होता. सबब निर्माते आम्हीच. विमा, निवृत्तिवेतन, संघटनेची मान्यता यांचा प्रश्न आला की तेच म्हणत, तो आमचा नोकर कुठे, तो तर स्वतंत्र कंत्राटदार. अमेरिकेच्या कामगार संबंध कायद्यातून १९४७च्या दुरुस्तीने स्वतंत्र कंत्राटदार स्पष्टपणे वगळलेले आहेत. सुपरमॅन दिवसा क्लार्क केंट असतो आणि संकटाच्या वेळी वेष बदलतो. चित्रकाराला मात्र मालकाच्या सोयीप्रमाणे वेष बदलावा लागे. दोन्ही डगरींवर हात मालकाचा. आपल्याकडील कंत्राटी कामगारांना ही कसरत समजावून सांगावी लागणार नाही.

संघटनेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड क्रिगस्टीन या चित्रकाराने चित्रकारांची संस्था काढली. ती टिकली नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डीसीच्या गार्डनर फॉक्स, अर्नॉल्ड ड्रेक आदी जुन्या लेखकांनी आरोग्यविमा आणि पुनर्मुद्रणाचा मोबदला मागितला. थोड्याच काळात त्यांची कामे आटली. १९७८ साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा संघ काढण्याची सभा भरली, तोही विरला. कारणे उघड आहेत. प्रत्येक जण आपापल्या घरी एकटा काम करणारा. दाराशी काम मागणारे नवे तरुण उभे. आणि चाहता असल्यामुळे फुकटही काम करावयास राजी. शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कामावरचे प्रेम ही मोठी गोष्ट आहे, पण मालकाने ते मजुरीत वळते करून घेतले की त्याचा फास होतो.

तरीही जे मिळाले ते एकजुटीनेच मिळाले. १९७५ साली नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी व्यंगचित्रकारांच्या संस्थांना हाताशी धरून सीगेल आणि शुस्टर यांची बाजू वृत्तपत्रांतून मांडली. हे रॉबिन्सन तरुणपणी बॉब केन यांच्या हाताखाली निनावी चित्रे काढीत, हे लक्षात घ्यावे. त्या वर्षीच्या डिसेंबरात मालक कंपनी नमली : दोघांनाही वर्षाला वीस हजार डॉलर निवृत्तिवेतन, आणि सुपरमॅनवर त्यांची नावे पुन्हा. १९८१च्या सुमारास डीसीने, आणि पाठोपाठ मार्व्हलने, एक लाखाच्या वरच्या खपावर रॉयल्टी देण्यास सुरुवात केली. १९९२ साली मार्व्हलचे सात नामांकित चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी इमेज ही संस्था काढली. तेथे पात्राचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. आणि २०२१ साली त्याच इमेजच्या कचेरीतील कर्मचाऱ्यांना आपली युनियन काढावी लागली! संस्थेने आपण होऊन मान्यता दिली नाही. पुढल्या वर्षी मतदान घेऊन ती मिळवावी लागली. निर्माता स्वतंत्र झाला म्हणजे अंक तयार करणारा, पाठवणारा, हिशेब लिहिणारा आपोआप स्वतंत्र होत नाही.

प्रकाशकाची बाजूही मांडली पाहिजे. कागद, छपाई, वितरण यांचा धोका तो पत्करतो. एका सुपरमॅनमागे शेकडो पात्रे बुडतात. हे खरे आहे. धोक्याचा मोबदला त्याला अवश्य मिळावा. पण एका हंगामाच्या धोक्यापोटी पिढ्यान्‌पिढ्यांचा खंड वसूल करावा, आणि वर बी पेरणाऱ्याचे नावही पुसावे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आज मुंबई-पुण्यातली कितीतरी तरुण मुले घरी बसून चित्रे काढतात, खेळांची आणि चित्रपटांची पात्रे रचतात, आणि न वाचता करारावर सही करतात. त्यांनी आपला १९५७चा कॉपीराइट कायदा एकदा वाचावा. त्याच्या ५७व्या कलमाने हक्क विकल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. १९व्या कलमाप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच धरला जातो. म्हणूनच ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द करारात कोठे आहेत ते आधी शोधावे. ते आढळले तर सही करण्यापूर्वी त्याच धंद्यातल्या चार जणांना तो कागद दाखवावा. सीगेल आणि शुस्टर यांना १९३८ साली असे चार जण मिळाले नव्हते.