दहा मिलिसेकंदांचं म्हातारपण

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. त्यातला सुमारे ०.२ सेकंद डोळ्यांचा निरोप हातापर्यंत जाण्यातच खर्ची पडतो. पंचविशीनंतर हा वेळ हळूहळू वाढू लागतो. नुसते १० मिलिसेकंद वाढले, तरी तेवढ्यात चेंडू ३९ सेंटिमीटर पुढे. बॅटच्या रुंदीच्या साडेतीन पट!

मग मार्च १९८७ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, बंगळुरूच्या त्या वळणाऱ्या खेळपट्टीवर गावसकरांनी पाकिस्तानविरुद्ध ९६ धावा काढल्या कशा? मुरलेला फलंदाज चेंडूमागे नजर फरपटत नेत नाही. टप्पा जिथे पडणार, तिथे त्याची नजर आधीच उडी मारून बसते. हा अंदाज अनुभवाने धारदार होतो आणि नसांचा मंदपणा काही वर्षं झाकतो.

स्नायूंतले झटपट आकसणारे तंतू मात्र अनुभवाला जुमानत नाहीत. त्यामुळे माझ्या मते निवड समितीने धावफलकापेक्षा दुसरी धाव आणि स्लिपमधले हात पाहावेत. विजय मर्चंट १९५१ मध्ये चाळिशीत, दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून थांबले. थांबवलं ते बॅटने नव्हे, क्षेत्ररक्षण करताना दुखावलेल्या खांद्याने.