ओझें कोणाचें, अधिकार कोणाचा?

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतील एका इंग्रज शिक्षकाच्या घरीं ३० डिसेंबर १८६५ रोजीं एक मुलगा जन्मास आला. तोच पुढें रड्यार्ड किप्लिंग या नांवानें जगप्रसिद्ध झाला. त्याच्या अरण्यकथा आम्हीं वर्गांत अनेक वर्षें आवडीनें सांगितल्या. त्याची ‘गोऱ्या माणसाचें ओझें’ ही कविता मात्र आम्ही हिंदुस्थानाविषयींची समजत होतों. फेब्रुवारी १८९९ मध्यें ती प्रसिद्ध झाली ती अमेरिकेस उद्देशून, आणि तिचा विषय फिलिपाइन बेटें हा होता, हें आम्हांस सेवानिवृत्तीनंतर कळलें. त्या प्रकरणाचा घेतलेला मागोवा आज वाचकांपुढें ठेवितों.

१८९८ सालीं क्यूबाच्या निमित्तानें अमेरिका व स्पेन यांचें युद्ध जुंपलें. १ मे रोजीं मनिलाच्या उपसागरांत अमेरिकेनें स्पॅनिश आरमाराचा धुव्वा उडविला. फिलिपिनो लोक १८९६ पासूनच स्पेनशीं लढत होते. त्यांचा नेता एमिलियो अग्विनाल्डो यानें १२ जूनला स्वातंत्र्य घोषित केलें. परंतु १० डिसेंबरच्या पॅरिसच्या तहानें स्पेननें तीं बेटें दोन कोटि डॉलर घेऊन अमेरिकेच्या स्वाधीन केलीं. ज्यांची भूमि, त्यांना त्या बैठकींत आसन नव्हतें. पुढें साडेतीन वर्षें युद्ध चाललें. सुमारे ४,२०० अमेरिकन व २०,००० फिलिपिनो सैनिक पडले. युद्ध, दुष्काळ व रोगराई यांत मेलेल्या प्रजाजनांचा अंदाज दोन लाखांपर्यंत जातो. युद्ध संपल्याची घोषणा झाली ४ जुलै १९०२ रोजीं, म्हणजे अमेरिकेच्याच स्वातंत्र्यदिनीं!

राज्यतृष्णा जगांत नवी नाहीं. आम्हांस विचारांत पाडलें तें त्या वेळच्या वादानें. हे लोक स्वराज्यास अपात्र, म्हणून आपण त्यांवर राज्य करावें, असें सिनेटर बेव्हरिज म्हणे. दक्षिणेंतला सिनेटर टिलमन याचा राज्यविस्तारास विरोध होता, पण कां? तर गौरेतरांची आणखी भर आपल्या राष्ट्रांत नको म्हणून! वादी व प्रतिवादी यांचें गृहीत एकच होतें. न्यायासनहि त्यापासून अलिप्त राहिलें नाहीं. काळ्यागोऱ्यांना आगगाडींत निराळे डबे असावेत, हें १८९६ सालीं वैध ठरविणारा निकाल न्यायमूर्ति ब्राउन यांनीं लिहिला. १९०१ सालीं पोर्तो रिकोस अमेरिकेची राज्यघटना पूर्णपणें लागू नाहीं, हा न्यायालयाचा निर्णयहि त्यांनींच जाहीर केला. घरांत जी भिंत, तीच समुद्रापार नेली गेली.

हें ओळखणारेहि होते. १८९६ मध्यें मुंबई पाहून गेलेला मार्क ट्वेन साम्राज्यविरोधी संघांत सामील झाला. डेव्हिड फेगन हा अमेरिकन पलटणींतला काळा शिपाई १८९९ सालीं फिलिपिनोंस जाऊन मिळाला. तरी १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनांत हजाराहून अधिक फिलिपिनो माणसें पाहण्याची वस्तु म्हणून मांडलीं गेलीं. बेटांना स्वातंत्र्य मिळण्यास १९४६ साल उजाडलें.

हें वाचून आम्हांस संताप आला. परंतु पाठोपाठ एक शब्द आठवला. आमच्या शास्त्रपाठांत ग्रंथारंभींच ‘अधिकारी’ कोण हें ठरवावयाचें असतें. मुळांत जिज्ञासा हा अधिकार. तो जन्मावर केव्हां जाऊन बसला हें कळलेंहि नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका मुलानें संस्कृत घेण्याची इच्छा दर्शविली. ‘तुला झेपायचें नाहीं,’ असें सांगून आम्हीं त्यास परतविलें. त्याची गुणपत्रिका आम्हीं पाहिलीहि नव्हती. पाहिलें होतें तें आडनांव. यांत दुष्टावा आहे असें तेव्हां मनांतहि आलें नाहीं. उलट त्या मुलाचें ओझें आपण हलकें करीत आहों, असेंच वाटलें.

बेव्हरिजलाहि बहुधा असेंच वाटत असावें. ‘त्यांना अजून जमणार नाहीं’ हें वाक्य आपल्या माजघरांत कोणाविषयीं आणि किती सहज उच्चारलें जातें, तें वाचकांनीं एकदां कान देऊन ऐकावें. आम्हीं तें उशिरां ऐकलें.